नळीला तेल

धरणाच्या दारातला गाळ काढायला बुडी मारण्याआधी वडगावचा देवाप्पा हवेची रबरी नळी वीत-वीत वाकवून चिरा बघायचा, मग पाण्यात धरून बुडबुडे शोधायचा. घाई करणाऱ्या मुकादमाला शिव्या हासडायचा.

एकोणऐंशीच्या खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्यानं धाकट्या भावाची, भीमाप्पाची नवी नळीही तेलानं चोळून चकचकीत केली होती. महिन्याभरात ती पाण्याखाली फाटली. भीमाप्पा मेलेलाच वर आला. तेलानं रबर कुजतं, हे धरणावरच्या साहेबांनी नंतर एकट्या देवाप्पाला सांगितलं. त्यानं ते पोटातच ठेवलं.

यंदाही पूजेला त्यानं तेलाची वाटी दूर ढकलली. "निस्ती फुलं वाहा!" तो खेकसला.

भीमाप्पाची बायको तानीबाई हळूच म्हणाली, "व्हय भावजी. त्या वर्षी एवढं तेल चोळलंसा, तरी देवाला दया आली न्हाय."