दादा, लई गार लागतंय

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ठेवावासा वाटत नाही... पण घडलं ते सांगतो.

आम्ही पिंपळवंडीचे. द्राक्षांचा व्यापार, नारायणगावच्या रस्त्याला स्वतःचं कोल्ड स्टोरेज. ते माझा धाकटा भाऊ संदीप बघायचा. ऐन सीझनमध्ये दिल्लीचे खरेदीदार मल्होत्रासाहेब आले होते, म्हणून मी त्यांना पुण्यातल्या एका भारी जपानी स्टेकहाउसमध्ये दुपारी जेवायला नेलं. तिथं टेबलालाच तापलेला लोखंडी तवा असतो, शेफ समोर उभा राहून मांस भाजून देतो. त्या धगीनं मला घाम फुटलेला.

मल्होत्रासाहेब द्राक्षांच्या दराचं बोलत होते, ते मध्येच थांबले. त्यांचे दात वाजायला लागले. माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, लई गार लागतंय. दार उघड ना..."

त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. आवाज त्यांचाच होता, पण तो ओढलेला 'ना' — तो आमच्या संदीपचा.

मी बाहेर येऊन फोन लावला. संदीप घरी जेवत होता. "मी हितंच हाय की. काय झालं?" म्हणून हसला. आत आलो तर साहेब मजेत खात होते. विचारलं तर म्हणाले, "मैं? मैंने तो कुछ नहीं कहा."

तरी माझ्या मनातून जाईना. दुसऱ्याच दिवशी कोल्ड स्टोरेजच्या दाराची कडी काढून टाकली. आतून ढकललं की उघडेल असं करून घेतलं. संदीपला बजावलं, एकट्यानं आत जायचं नाही.

सीझन संपता संपता संदीप तिथंच सापडला. दारापासून हातभर अंतरावर, गुडघे पोटाशी घेऊन. गेलेला. दार नुसतं लोटलेलं होतं — बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. डॉक्टर म्हणाले, थंडीनं गेला. मग तो बाहेर का आला नाही? आधी कळूनही, कडी काढूनही मला त्याला वाचवता का आलं नाही?

मल्होत्रासाहेब भेटायला आले. हॉटेलातला प्रकार मी आईला सांगून बसलो होतो. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"पावणं, अजून काय म्हनला व्हता का माझा संदीप?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मला ते हिंदीत सांगता आलं नाही.

अजूनही त्यांचा फोन आला की आई हातातलं काम टाकून माझ्या शेजारी येऊन उभी राहते.