चौऱ्याऐंशी सेकंद

नवाब इब्राहीम मोमीन. जन्म जुन्नर, ३ मार्च १९५४. मृत्यू जुन्नर, १९ ऑगस्ट २०२४. व्यवसाय घड्याळदुरुस्तीचा. त्याखेरीज जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांनी एकोणतीस वर्षे फुटबॉलच्या सामन्यांत पंचाचे काम केले. पश्चात पत्नी बिबिजान आणि दोन विवाहित मुली.

बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानात तीन माणसे उभी राहिली की चौथ्याला पायरीवर थांबावे लागे. मात्र आत एकही वस्तू जागा सोडून नसे. चिमटे उंचीप्रमाणे लावलेले असत आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला तारखेची चिठ्ठी बांधलेली असे. गिऱ्हाईकाने घड्याळ लाउडस्पीकरवर किंवा रेडिओवर ठेवल्याचे कळले, तर ते त्याला उभ्याउभ्याच धडा देत. "आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चुंबकाच्या जवळ गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटते. यात घड्याळाचा दोष नाही, तुमचा आहे." हा धडा त्यांनी किती जणांना दिला असेल, याची गणती नाही. स्वतःला मात्र एकदाच द्यावा लागला, आणि तो त्यांनी पंचवीस वर्षे कोणाला कळू दिला नाही.

ती तारीख १८ जानेवारी १९९८. दोन तालुक्यांच्या चषकाचा अंतिम सामना जुन्नरमध्ये होता. जुन्नरचा संघ एका गोलने पुढे होता. समोरच्या संघात महाळुंगे पडवळचा ज्ञानेश्वर पडवळ हा एकवीस वर्षांचा गडी होता. त्याच्या पायात चेंडू आला की जुन्नरचे प्रेक्षकही शिव्या विसरून बघत राहत. मध्यंतरात गर्दीच्या धक्क्याने लाउडस्पीकरचा कर्णा स्टुलावरून खाली पडला आणि तोंड धुळीत घालून पडून राहिला. पाच-पंचवीस माणसे त्याला ओलांडून गेली. नवाबभाईंना ते बघवले नाही. त्यांनी कर्ण्याचे जड बूड दोन्ही हातांनी छातीशी धरले, तो उचलला, पुसला आणि सरळ करून ठेवला. डाव्या मनगटावर त्यांचे घड्याळ होते. कर्ण्याच्या बुडाशी मुठीएवढे चुंबक असते, हे त्या मैदानावर सर्वांत चांगले ठाऊक असलेला माणूस तेच होते.

उत्तरार्ध पस्तीस मिनिटांचा. काटा पस्तिसाव्या मिनिटावर आला तेव्हा ज्ञानेश्वरने हाणलेला चेंडू हवेत होता. नवाबभाईंनी शिट्टी फुंकली. चेंडू जाळ्यात गेला, पण शिट्टीनंतर. नियमाने तो गोल नव्हता.

"येळ शिल्लक हाय! अजून येळ हाय, पंच!" ज्ञानेश्वर धावत आला आणि त्याने त्यांची कॉलर धरली.

नवाबभाईंनी मनगट वर करून सगळ्यांना घड्याळ दाखवले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "आरं, घड्याळवाल्याचं घड्याळ चुकंल व्हय रं?" सगळे मैदान हसले, आणि वाद तिथेच मिटला. पंचाच्या अंगावर हात टाकल्याचा अहवाल त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिला आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या माणसाच्या हाती दिला. ज्ञानेश्वरला दोन वर्षांची बंदी झाली. बंदी संपली तेव्हा त्याच्या घरी ट्रॅक्टर होता, बायको होती आणि पाळण्याची तयारी होती. पुन्हा तो मैदानात उतरला नाही.

अहवाल देऊन नवाबभाई घरी आले, रेडिओच्या ठोक्याला घड्याळ लावले आणि नमाज, जेवण उरकून तासाभराने सहज रेडिओशी ताडून पाहिले. घड्याळ अडीच मिनिटे पुढे गेले होते. त्यांनी पाटी घेऊन हिशोब मांडला. उत्तरार्ध चौऱ्याऐंशी सेकंद आधी संपला होता. त्यांनी घड्याळ उघडून स्प्रिंगचा दोष काढला, पाटी पुसली आणि तो आकडा पंचगिरीच्या वहीत त्या सामन्याच्या पानावर एका कोपऱ्यात लिहिला. आकड्यापुढे काही लिहिले नाही. अहवाल परत मागायला माणूस धाडता आला असता. त्यांनी धाडला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एक मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. बावीस-तेवीसचे वय, पाठीला सॅक.

"चाचा, मी रत्ना. ज्ञानेश्वर पडवळांची मुलगी."

नवाबभाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

ती पुण्यात समकालीन नृत्य शिकली होती. लहानपणापासून वडिलांच्या तोंडून त्या सामन्याचे शेवटचे मिनिट ऐकत आली होती, आणि आता त्याच मिनिटाचे नृत्य ती बसवत होती. सात नर्तक, चेंडू नाही, गाणे नाही, फक्त हलगी आणि पायांचा आवाज. डिसेंबरात गावच्या विद्यालयाच्या मैदानावर प्रयोग होता. पंच म्हणून तिला नर्तक नको होता, खरा पंच हवा होता.

"वडिलांना विचारलंत?"

"विचारलं. ते म्हणाले, 'आन त्याला. बघू तर दे, आता किती वाजल्यात.'" ती हसली आणि मग गंभीर झाली. "चाचा, बाबा म्हणतात वेळ शिल्लक होती. खरंच होती का?"

"माझ्या घड्याळाप्रमाणे नव्हती," नवाबभाई म्हणाले. वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता.

नकार दिला असता तर प्रश्न मिटला असता. पण नकाराचे कारण सांगावे लागले असते, आणि खोटे कारण रचण्याची त्यांना सवय नव्हती. ते दर रविवारी एस. टी.ने महाळुंग्याला जाऊ लागले.

तालीम विद्यालयाच्या सभागृहात चाले. नर्तक एकमेकांना खांद्याने रेटत, जमिनीवर घसरत जात, एकाच्या पाठीवरून दुसरा उलटा जाई. तिघे खांद्याला खांदा लावून भिंत करत आणि ती भिंत लाटेसारखी मागे वाकत जाई. चेंडू नसूनही तो कोठे आहे, हे सातही मानांवरून कळे. नवाबभाईंना हे सारे आधी विचित्र वाटले, मग त्यांच्या नकळत शिट्टी वाजली.

"काय झालं, चाचा?"

"हा सूरज ऑफसाइड आहे."

"अहो, चेंडूच नाही, तर ऑफसाइड कसला?"

"पास निघाला तेव्हा हा बचावाच्या पुढे होता. चेंडू दिसत नाही म्हणून नियम जात नाही."

सूरज, म्हणजे ज्ञानेश्वरची भूमिका करणारा नर्तक, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चाचा, नाचताना पयल्यांदा ऑफसाइड झालोय राव." हलगीवाल्या सोपानने हसता हसता टिपरू खाली टाकले. रत्नाने मात्र सूरजला दोन पावले मागे घेतले आणि म्हणाली, "आता जास्त खरं दिसतंय."

शेवट असा होता: सूरज अदृश्य चेंडू मारून उसळे आणि बाकीचे सहा जण त्याला हवेतच झेलत. त्याच क्षणी शिट्टी. सूरज हातांवर तसाच अडकून राही, आणि सहा जण त्याला उलट्या पावलांनी मैदानाबाहेर नेत. "तुमच्या शिट्टीवर सगळं थांबतं," रत्ना सांगे, "आधी नाही, नंतर नाही." नवाबभाई प्रत्येक तालमीत अचूक शिट्टी वाजवत. प्रत्येक वेळी सूरज त्या सहा जणांच्या हातांवर लोंबकळत बाहेर जाई, आणि नवाबभाई जमिनीकडे बघत.

ज्ञानेश्वर एकाही तालमीला आत आले नाहीत. फाटकाशी ट्रॅक्टर उभा करून मुलीची वाट बघत. तिसऱ्या रविवारी नवाबभाई त्यांच्यापाशी जाऊन थांबले.

"ज्ञानेश्वरराव."

"बोला, पंच."

बोलायचे ते तोंडात जुळून आले होते. ज्ञानेश्वरांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिले. "त्येच घड्याळ वाटतं?"

"तेच."

"लई टिकलं," ज्ञानेश्वर म्हणाले आणि त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. पुढचे शब्द इंजिनाच्या आवाजात बोलण्यासारखे नव्हते.

१७ डिसेंबर, रविवार, सायंकाळचे पाच. उन्हे तिरपी झाली होती. चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारलेल्या मैदानाभोवती तीनेकशे माणसे होती. म्हातारे खुर्च्यांवर, बाया पायऱ्यांवर, आणि अठ्ठ्याण्णवच्या सामन्यात खेळलेल्यांपैकी दोघे-तिघे पोटे सुटलेले, पुढच्या रांगेत. ज्ञानेश्वर गोलपोस्टला पाठ टेकून एकटेच उभे होते. काळा पोशाख घातलेले नवाबभाई मध्यरेषेवर आले तशी मागून आरोळी आली, "ओ पंच, चावी दिली का घड्याळाला?" हशा पिकला.

हलगी सुरू झाली. नाच चढत गेला. फटिंगपणा करायला आलेली पोरेसुद्धा गप्प झाली. भिंत वाकली, फुटली, सूरज त्या फटीतून निघाला, धावला, उसळला. सहा जोड हातांनी त्याला हवेत धरले. सोपानचा ठोका पडला.

शिट्टी वाजली नाही.

नवाबभाईंच्या ओठांत शिट्टी होती, डोळे घड्याळावर होते आणि उजवा हात पुढे केलेला होता. खेळ चालू, अशी ती खूण. सूरज हातांवर लोंबकळत होता. एक सेकंद, चार सेकंद. सोपानने रत्नाकडे पाहिले, रत्नाने नवाबभाईंकडे. दहा सेकंद. सहा जणांचे दंड थरथरू लागले. कोणीतरी फिसकन हसले. मग एकाचा हात सुटला आणि सूरज खांद्यावर आपटला. मैदानात 'अग बाई!' झाले. तो लोळण घेऊन उठला, क्षणभर भांबावला, आणि पुढे काय ते ठरलेले नसल्याने धावू लागला. बाकीचे त्याच्यामागे. सोपान शहाणा, त्याने हलगी सोडली नाही.

आता जे चालले होते ते कोणी बसवलेले नव्हते. नर्तक खरोखर एकमेकांना अडवत होते, खरोखर पडत होते, त्यांचे श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते. चाळीस. पन्नास. "चाचा!" रत्ना कडेने ओरडली, "काय करताय?" नवाबभाईंनी मान वर केली नाही. साठ. सूरजला गोलपोस्टसमोर जागा सापडली. चेंडू नसलेल्या जागी त्याने जीव खाऊन लाथ मारली, आणि गोलपोस्टला टेकलेले ज्ञानेश्वर चेहऱ्यावरून काहीतरी गेल्यासारखे बाजूला सरले.

नवाबभाईंनी उजवा हात मध्यबिंदूकडे केला. गोल. मग मोजत राहिले आणि चौऱ्याऐंशीला शिट्टी फुंकली, लांब, तीनदा.

हलगी थांबली. त्यांनी खिशातून वही काढली. त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचले. "अठरा जानेवारी अठ्ठ्याण्णवच्या सामन्यात मी उत्तरार्ध चौऱ्याऐंशी सेकंद आधी संपवला. माझ्या घड्याळात दोष होता. मध्यंतरात कर्णा उचलताना त्यात चुंबक चढले. मला ते त्याच संध्याकाळी कळले. मी सांगितले नाही."

टाळी वाजवावी की शिवी द्यावी हे कोणालाच ठरवता येईना. ज्ञानेश्वर मैदान ओलांडून आले. रत्ना मध्ये येऊ लागली, त्यांनी तिला हाताने बाजूला केले.

"चौऱ्याऐंशी. मोजून सांगताय?"

"मोजून."

"आन माजी दोन वर्सं? ती कुनी मोजली?"

"कॉलर तुम्ही धरली होती. तो अहवाल खोटा नव्हता."

"धरली व्हती. आजबी धरू का?"

पुढच्या रांगेतला एकजण हसला आणि लगेच गप्प बसला. नवाबभाईंनी हात जोडले. "ज्ञानेश्वरराव, मला माफ करा."

"बघू," ज्ञानेश्वर म्हणाले, आणि ट्रॅक्टरकडे चालू लागले.

रत्ना त्या दिवशी नवाबभाईंशी बोलली नाही. सूरजचा खांदा तीन आठवडे बांधलेला होता, आणि तिला अधिक राग त्या दुखापतीचा होता. नवाबभाईंनी सूरजच्या घरी जाऊन त्याचीही माफी मागितली. ती लगेच मिळाली, वर चहाही.

नंतरचे असे. नवाबभाईंनी मंडळाला पत्र लिहून निकाल दुरुस्त करण्याची आणि बंदीची नोंद काढून टाकण्याची विनंती केली. सात महिन्यांनी उत्तर आले: निकाल बदलता येत नाही. बंदीची नोंद दप्तरात आढळत नाही. ते पत्र त्यांनी वहीत त्याच पानाशी लावले. पुढच्या महिन्यात ते गेले. शिट्टी त्यांच्या इच्छेप्रमाणे रत्नाला मिळाली. तिच्या नृत्यात आता शेवटी चौऱ्याऐंशी सेकंद मोकळे असतात. त्यात काय करायचे ते नर्तकांना आधी सांगितलेले नसते. फक्त पडणाऱ्याला झेलायचे, एवढा एक नियम तिने घातला आहे.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याच्या दिवशी ज्ञानेश्वर मुलीबरोबर जुन्नरला आले. बिबिजान यांनी चहा दिला आणि गेलेल्याच्या वतीने माफी मागण्याच्या रीतीप्रमाणे विचारले, "भाऊ, यांना माफ केलंत ना?"

फळीवर ते घड्याळ होते. ज्ञानेश्वरांनी ते उचलले, कानाला लावले.

"आता बराबर चालतंय का?"

"चालतंय. रोज चावी देते मी."

"मग द्येत ऱ्हावा," ते म्हणाले, आणि घड्याळ होते तसे सरळ ठेवून उठले.

बिबिजान यांनी ते उत्तर म्हणून धरलेले नाही. ज्ञानेश्वरांकडून एक शब्द येणे आहे, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.