खालच्या अक्षरांत नसलेलं वाक्य

बी.ए. होऊन मी नागपूरहून परत आलो, तेव्हा आमच्या बंजारा तांड्यात बी.ए. म्हणजे नक्की काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांना, बापूंना, एवढंच कळलं होतं की आता तहसीलीतल्या कुठल्याही कागदाला भ्यायचं कारण उरलं नाही. पांढरकवड्याच्या बाजूला ख्रिस्ती मिशनचा एक छोटा दवाखाना होता. त्याला लागून महारोग्यांची वस्ती आणि वस्तीतल्या मुलांसाठी चार वर्गांची शाळा. कुष्ठरोग हा शब्द तेव्हा आमच्याकडे बोलण्यात नव्हता. त्या शाळेत मला मास्तरकी मिळाली. मी ख्रिस्ती नव्हतो आणि तिथे मला कुणी तसं विचारलंही नाही. ही गोष्ट साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली.

तिथले पाद्री साहेब नगरकडचे. उंच, किंचित वाकलेले, बोलणं सावकाश. मी वयाने निम्मा असूनही ते मला ‘अहो मास्तर’ म्हणत. त्यांना सिनेमाचा नाद होता, आणि तो ते लपवत नसत. मुंबईला एक चित्रपट महोत्सव भरायचा होता. देशोदेशींचे चित्रपट तिथे येणार होते. मुख्य बक्षिसं देणारे परीक्षक वेगळे. पण चर्चच्या मंडळींनी स्वतःचे पाच परीक्षक नेमले होते आणि त्यांत खेड्यात राहणारे एकटे आमचे पाद्री साहेब होते. या पाचांनी एक चित्रपट निवडायचा आणि त्याला मानपत्र द्यायचं. पैसा नाही, ढाल नाही. नुसता एक कागद.

मला आधी वाटलं, धर्माचा प्रचार असेल त्या चित्रपटाला हे लोक मान देणार. दवाखान्यातल्या कंपाउंडरने तर तोंडावरच विचारलं.

“साहेब, पिक्चरमंदी येशूचं नाव नसलं तरी चालते म्हणता. मंग बक्षीस कायचं?”

“माणसाला माणूस म्हणून दाखवलंय का, याचं,” पाद्री साहेब म्हणाले.

“मंग आमचा पगार वाढवा, मानपत्र तुमालेच देतो!”

पाद्री साहेब मनापासून हसले. पण त्यांचं उत्तर माझ्या डोक्यात राहिलं. आमच्यासारख्यांना माणूस म्हणून दाखवलंय की नाही, एवढंच पाहायला कुणी मुंबईला जमतं, ही गोष्टच मला नवी होती.

शेवटच्या निवडीत दोन चित्रपट उरले होते. त्यांच्या छोट्या फितीवरच्या प्रती आळीपाळीने परीक्षकांकडे फिरत होत्या. रेल्वेने आणि मग एसटीच्या टपावरून त्या पत्र्याच्या पेट्या आमच्याकडे आल्या. मिशनकडे आरोग्याचे चित्रपट दाखवायचं यंत्र होतं, जनरेटर होता. चार दिवसांनी पेट्या पुढे पाठवायच्या होत्या.

दुसरा कुणी असता तर दार लावून एकटाच बघत बसला असता. पाद्री साहेबांची रीत वेगळी. एक चित्रपट परदेशातल्या महारोग्यांवर होता. ते म्हणाले, “ज्यांच्यावर आहे त्यांना आधी दाखवू. मग माझं मत.” चित्रपटातलं बोलणं परक्या भाषेतलं, खाली इंग्रजी अक्षरं उमटत. पाद्री साहेब मागे यंत्र सांभाळत आणि तिथून त्यांना ती वाचता येत नसत, म्हणून ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझी छाती फुगली. इंग्रजीचा असा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच होत होता.

शनिवारी दगडखाणीतल्या बायकांचा चित्रपट दाखवला. त्या बायका एकसारख्या बोलत, भांडत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर, दुपारी, दवाखान्याच्या वॉर्डच्या खिडक्यांना कांबळी लावून दुसरा सुरू झाला. एका बेटावर महारोग्यांची वस्ती. तिथे एक तरुण डॉक्टर येतो. टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या झोपडीत रोज जातो, त्याच्या जखमा धुतो. डॉक्टर पुष्कळ बोलतो. म्हातारा बोलत नाही. नुसता बघतो.

माझ्यासमोर सतरंज्यांवर चाळीसेक माणसं बसली होती. पडद्यावर म्हातारा गप्प, खाली अक्षरं नाहीत, आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली. मला ते सहन होईना. लहानपणापासून मी तहसीलीत बापूंचा दुभाषी. बापू आमच्या गोरबोलीत दोन शब्द बोलत, मी साहेबांना मराठीत सहा सांगत असे, नीट, वजनदार. बापू गप्प राहिले तरी मी काहीतरी सांगत असे, कारण गप्प राहिलेल्याला साहेब मूर्ख समजतात हे मी पाहिलं होतं. ती सवय अशी अंगात भिनलेली की माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “म्हातारा म्हणतो, आमची बोटं झडली डॉक्टर, अक्कल नाही झडली.”

वॉर्डात एकदम हुंकार उठला. मग मला थांबता येईना. आणखी तीन-चार ठिकाणी मी म्हाताऱ्याला बोलतं केलं.

चित्रपट संपल्यावर पाद्री साहेबांनी ‘आवडला का’ असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “यात तुमच्यासारखा कोण होता? तो खरा वाटला का?”

पुढच्या सतरंजीवर एक बाई बसली होती, साठीची. वस्तीत सगळे तिला माय म्हणत. तिच्या दोन्ही हातांची बोटं गेली होती. ती म्हणाली, “तो बुढा खरा हाय. बोटं झडली, अक्कल नाही झडली. बराबर बोलला. इतके वर्स मले हेच बोलाचं होतं, सुचत नव्हतं.”

पाद्री साहेबांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

सोमवारी सकाळी त्यांनी परीक्षकांना पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्या हाती दिला. माझं अक्षर चांगलं म्हणून. त्यात लिहिलं होतं की बेटावरचा चित्रपटच मानपत्राला योग्य आहे, कारण तो रोग्याला स्वतःच्या तोंडाने बोलू देतो. आणि पुढे पुराव्यादाखल माझं वाक्य, अवतरण चिन्हांत.

उरलेल्या चौघांनी तोच चित्रपट पाहिला होता किंवा ते पाहणार होते. चित्रपटात नसलेलं वाक्य पाद्री साहेबांच्या सहीने त्यांच्यापुढे जाणार, आणि खेड्यातल्या या माणसाचा शब्द पुन्हा कुणी खरा धरणार नाही. मसुदा पुढ्यात घेऊन मी पहिला तास काढला. मुलांनी पाढे म्हटले, मला एक ऐकू आला नाही. मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीवर गेलो.

“साहेब, ते वाक्य पिक्चरमध्ये नाही.”

“म्हणजे?”

“मीच म्हटलं. म्हातारा काही बोलत नाही. एकदाही नाही.”

त्यांनी मसुदा माझ्या हातून घेतला. “का म्हटलंत?”

मी बापूंचं सांगितलं, तहसीलीचं सांगितलं. ते उठले, माठातलं पाणी त्यांनी स्वतः ओतून मला दिलं आणि म्हणाले, “वडिलांसाठी केलंत ते मी चूक म्हणणार नाही. पण इथे तुम्ही त्या दिग्दर्शकाची उणीव झाकलीत, मास्तर. आज शाळा सुटल्यावर पुन्हा दाखवू. आहे तेवढंच वाचा. आणि आधी लोकांना खरं सांगा.”

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी वॉर्डात उभा राहून मी सांगितलं. कोपऱ्यातून एक जण ओरडला, “मंग मानपत्र मास्तरलेच द्या ना!” सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, पण कान तापले होते.

या वेळी म्हातारा पडद्यावर आला की मी म्हणायचो, “काही बोलत नाही.” पुन्हा, “काही बोलत नाही.” सहाव्या-सातव्या वेळेला मायने मलाच झापलं.

“काहून रे, काल तर लय बोलत होता! आज दातखीळ बसली का त्याची?”

“माय, बोलतच नाही तो.”

“अन् डॉक्टर तरी विचारते का त्याले काही?”

मी खालची अक्षरं नीट पाहिली. डॉक्टर देवाबद्दल बोलत होता, सेवेबद्दल बोलत होता, समुद्राबद्दलही बोलत होता. “नाही विचारत,” मी म्हणालो.

शेवट झाल्यावर पाद्री साहेबांनी कालचाच प्रश्न विचारला.

“डॉक्टर चांगला हाय,” माय म्हणाली. “त्याले नाव नाही ठेवत मी. पण रोज त्याच्या झोपडीत जाऊन राह्यला, अन् एक दिवस नाही म्हणाला, बाबा, तुहं नाव काय. देवासारखा डॉक्टर अन् ढोरासारखा रोगी. त्या खाणीतल्या बाया बऱ्या. भांडतात, पण माणसं हायेत.”

पाद्री साहेबांनी मसुदा फाडला. नव्या पत्रात त्यांनी खाणीचा चित्रपट निवडला, मायचे शब्द जसेच्या तसे घातले, आणि माझी चूकही लिहिली. माझं नाव न घालता, आणि मी ती आपणहून कबूल केली हेही. मी सुवाच्य अक्षरांत नक्कल केली. पेट्या वेळेवर गेल्या.

महोत्सवाला ते स्वतः मुंबईला गेले. आठवड्याने परत आले, ते धुळीने माखलेले, हातात वळकटी. एसटी थांब्यावर मी गेलो होतो.

“काय झालं, साहेब?”

“हरलो. तीन विरुद्ध दोन. बेटाला मिळालं.”

मला वाटलं, संपलं. पण चालता चालता ते पुढचं सांगू लागले. त्या परीक्षकांनी आपसात ठरवलं होतं की मतभेद झाला तर तो दाबायचा नाही, मानपत्राबरोबर तोही सगळ्यांसमोर वाचायचा. सभागृह भरलेलं. आधी बेटावरच्या चित्रपटाचं कौतुक झालं, आणि तेही खरंच होतं, त्या डॉक्टरइतकं प्रेम त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात नव्हतं. मग, आमच्या साहेबांसारखंच बेटाच्या विरुद्ध मत दिलेल्या दुसऱ्या परीक्षकांनी, एका परदेशी धर्मगुरूंनी, मायचे शब्द इंग्रजीत वाचले. देवासारखा डॉक्टर आणि ढोरासारखा रोगी. मान मिळालेला दिग्दर्शक पहिल्या रांगेत बसला होता.

मी पुढे पुष्कळ सभा पाहिल्या, कमिट्या पाहिल्या. बक्षीस देणाऱ्यांनी आपल्या निर्णयातली खोट स्वतः भर सभेत वाचून दाखवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आणि ती खोट काढणारी कोण, तर आमच्या वस्तीतली माय, जिला बाजारात सावलीतही उभं राहू देत नसत.

“दिग्दर्शक रागावला असेल,” मी म्हणालो.

“नंतर मला शोधत आला. त्याने एकच विचारलं, त्या बाईंचं नाव काय? मी म्हटलं, त्यांना विचारून कळवतो.”

तसेच, वळकटी हातात, ते वॉर्डात गेले. माय ओसरीवर ऊन खात बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, “नाव कळवू का, माय?”

तिच्या घरच्यांनी गावात ती मेली म्हणून सांगितलं होतं. तेरावंही केलं होतं. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिचं नाव कुणी घेत नसे. पाद्री साहेब हळू आवाजात म्हणाले, “नको असेल तर नाही कळवत.”

“नको कायले?” ती म्हणाली. “मास्तर, घे कागद.”

मी खिशातली पेन्सिल काढली. तिने स्वतःचं नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. आडनाव सांगितलं. मी लिहून घेतलं आणि कागद दुमडू लागलो.

“थांब ना,” ती म्हणाली. “गाव राह्यलं. गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिही.”