मुकादम वाट बघतो

घराच्या पुढच्या खोलीत सोफेवाल्याचं दुकान होतं. जुन्या खुर्च्यांचं रेक्झिन सोलायचं, आतला कुजका काथ्या उपसायचा, नवा फोम भरायचा आणि वर कापड ताणून ठोकायचं, यात त्याची उमर गेली. खोळी शिवायला बायको, आणि देखरेखीला एक करडा बोका. नव्या फोमवर बसून तो दोघांच्या हातांकडे असा बघायचा, की लेकीनं त्याचं नाव मुकादम ठेवलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "झकास जोडधंदा आहे. ओरबाडायला हा, शिवायला तुम्ही."

लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा बोका इथेच राहिला. तिच्या खोलीत तिचं म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. एक रिकामी खुंटी, आणि दाराशी मुकादमाचं वाळूचं घमेलं.

काल संध्याकाळपासून मुकादम फोमवरून उतरला होता. घमेल्यात जाऊन बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. अंग आवळून दाराकडे बघत बारीक आवाज काढायचा. ताटलीतलं तसंच.

"वाट बघतोय तिची," सोफेवाला म्हणाला. म्हणताना त्याला उगाच हलकं वाटलं. इतके महिने या घरात ते कुणी बोललं नव्हतं. आता निदान एक जण बोलत होता.

"डॉक्टरला दाखवू या का?" बायको म्हणाली.

"झुरण्यावर कसलं औषध? राहील दोन दिवसांत शांत."

"झुरत असेल नाहीतर नसेल, जेवत नाही हे खरं."

"रविवारी तिचा फोन येईल ना, तेव्हा सांगतो. म्हणावं, मुकादमानं अन्न सोडलंय तुझ्यासाठी, दोन दिवस येऊन जा."

बायकोनं शिवणयंत्र थांबवलं. "बोक्याच्या तोंडानं कशाला बोलता? तुम्हाला जीभ नाही?"

तो चिडला. चिडूनच त्यानं कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला, निदान बायकोचं तोंड बंद व्हावं म्हणून. डॉक्टर संध्याकाळी यायचे. मदतनीस बाई होत्या. खातोय का, उलटी झाली का, असं विचारत त्या म्हणाल्या, "वाळू ओली होतेय का?"

त्यानं घमेल्यात हात घातला. वाळू कोरडी. काल सकाळी त्यानंच बदलली होती, तशीच.

"नर आहे ना? पोटावर हळूच हात ठेवा."

पोटात चेंडूसारखं टणक काहीतरी लागलं. मुकादम आजवर त्याच्यावर कधी फिसकारला नव्हता. आज फिसकारला.

"काका, लघवी तुंबलीय त्याची. इथे आणू नका, इथे सोय नाही. पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता."

"संध्याकाळी डॉक्टर आल्यावर..."

"संध्याकाळपर्यंत तो राहायचा नाही."

त्यानं फोमचा तुकडा कापून खोक्यात घातला. इतका वाकडा तुकडा त्यानं उमेदवारीतही कापला नसेल.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी बोक्याला भूल देऊन नळी घातली. बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचेल. पण थोडक्यात. कालपासून असा बसतोय, मग थांबलात कशाला?"

"मला वाटलं..." सोफेवाला म्हणाला. "मला वाटलं, वाट बघतोय."

"कुणाची?"

बायकोनं पुढे होऊन औषधांचं विचारलं.

काही दिवसांनी मुकादम घरी आला. पोटभर खाल्लं, घमेल्यात जाऊन आला, आणि दाराकडे न बघता सरळ पुढच्या खोलीत फोमवर जाऊन पसरला. किती साधं होतं त्याचं सगळं. सोफेवाला मात्र लेकीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला. रिकाम्या खुंटीकडे, मग दाराकडे बघत. बोक्यानं आपल्याला वाट बघायला एकट्याला टाकलं, असं त्याला वाटून गेलं.

रविवारी फोन आला.

"बाबा, मुकादम कसा आहे आता?"

"ठणठणीत. घोरतोय."

"आई म्हणाली, तुम्हाला वाटलं तो माझ्यासाठी झुरतोय." ती हसली.

"हो. चुकलंच माझं." तो थांबला. आता मध्ये धरायला बोका नव्हता. "तो नव्हता झुरत, पोरी. मला करमत नाही."

पुढच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं.