सातवं अंडं

मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची अंडी धुतली.

ऐकायला यात गुन्हा काहीच वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. उलट परसातल्या नळाखाली बादली लावून एकेक अंडं अंगठ्याने चोळताना मला माझं जरा कौतुकच वाटत होतं. कुठे माती चिकटलेली, कुठे पिसाचा तुकडा, आणि बहुतेकांवर पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. माणसं पैसे देऊन घेतात, त्यांना ही असली गिचमिड कशाला? मी सगळी घासूनपुसून लख्ख केली आणि टोपलीत अशी मांडली की दुकानदारानेही शिकून जावं.

त्यातली तेरा अंडी तर मी शोधून काढली होती. परसाच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी आहे. तिच्यात एक करडी कोंबडी दोन दिवस नुसती बसून होती. ना चरायला बाहेर, ना दाण्याला. मी वाकून पाहिलं, तर तिने माझ्या मनगटाला अशी चोच मारली की बस. मग मी डब्याचं झाकण ढालीसारखं धरलं, तिला बाजूला सारलं, आणि पाहतो तर खाली अंडीच अंडी. मी हिशेब केला, मावशीला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, म्हणून बिचारीची ही अंडी राहून गेली. डोळस माणूस घरात आल्याचा फायदा, दुसरं काय.

मंगळवार होता. मंगळवारी अंडी पोचवायची चार घरं मी तासाभरात उरकली आणि घरी येऊन पंख्याखाली आडवा झालो.

आता मावशीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नेमकं काय धुऊन टाकलं ते कळायचं नाही.

ती आधी शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. बटणाची भोकं. अठरा वर्षं दिवसाला साडेतीनशे काजं, आणि एकही परत आलं नाही असं ती सांगते. काका सांगतात, दोन आली होती. कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या पगारात निम्मे पैसे आणि निम्मे शर्ट मिळाले. त्यातले बारा शर्ट तिने भाजीवालीला दिले आणि तिच्याकडून चार कोंबड्या घेतल्या. काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी ते म्हणाले होते, की माणसं शर्ट घालून फिरतात, आमचे शर्ट आता परसात फिरणार. पुढे चाराच्या अकरा झाल्या, एक कोंबडा आला. तो घड्याळाच्या दहा मिनिटं पुढे आरवतो. सगळ्या गावाची घड्याळं लावणाऱ्या काकांना तेवढं एक यंत्र काही दुरुस्त करता आलं नाही.

काज करणाऱ्या बाईने अंडी विकायला घेतली, तर ती कशी विकेल? अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची. कोरड्या फडक्याने पुसायची. पाणी लावायचं नाही, कारण पाण्याने कवचावरचा थर जातो आणि अंडं लवकर नासतं. प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेल्या दिवसाची तारीख लिहायची, अगदी बारीक, टाका घातल्यासारखी. चार दिवस उलटले की ते अंडं विकायचं नाही, घरात खायचं. म्हणजे अंड्यांच्या त्या घरात ताजं अंडं कुणाच्याच नशिबी नव्हतं. काका तर अंडी खातच नाहीत, त्यांच्या अंगावर पित्त उठतं. सुट्टीत गेलो की शिळ्याचा धनी मी.

आणि खुडूक झालेल्या कोंबडीखाली उबवायला अंडी ठेवली की त्यांच्यावर तारीख नाही, फुली मारायची. दुसरी एखादी कोंबडी त्याच पेटीत येऊन अंडं घालून गेली तर बिनफुलीचं ते उचलून घेता येतं.

हे सगळं तिने मला ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नीट सांगितलं होतं. मी मोबाइलमध्ये बघत हो हो म्हणत होतो.

दुपारी अडीचला काका दुकानातून घरी आले. दुकान उघडं टाकून ते कधी येत नाहीत. बाईंचा फोन आला होता. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई, आता निवृत्त, मावशीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. केकसाठी त्यांनी त्या दिवशी बारा अंडी घेतली होती. भांड्यात लोणी-साखर घोटून घेतली, त्यात पाच अंडी फोडली, आणि सहाव्यातून जे पडलं ते काकांनी मला हळू आवाजात सांगितलं. मावशी आतल्या खोलीत डोळ्याला पट्टी लावून पडली होती. डोळा गेला तरी कान शाबूत असतात.

तिने मला आत बोलावलं. कोपऱ्यातल्या पेटीतली काढलीस का, एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "तेरा होती. तुला दिसली नसतील."

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "नऊ दिवसांची होती. असू दे. फुल्या बघ आणि परत आण."

"फुल्या नाहीत आता," मी म्हणालो. "मी धुतली."

मला वाटलं होतं, आता बोलणी खावी लागतील. ती मी आनंदाने खाल्ली असती. पण तिने नुसता मानेला हात लावला, जसा कारखान्यातून आल्यावर लावायची, आणि काकांकडे बॅटरी मागितली. डॉक्टरांनी तीन दिवस उठू नको म्हटलं होतं, वाकू नको म्हटलं होतं. काका तेच सांगत होते. तिने काळा चष्मा चढवला, दोऱ्याच्या रिळाची पुठ्ठ्याची नळी पिशवीत टाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डोळे तुझे वापरू," ती म्हणाली. "आहेत ना?"

मग आमची वरात निघाली. पुढे मी, हातात टोपली, मागे काळा चष्मा लावलेली मावशी. भर दुपारी बॅटरी घेऊन.

पहिलं घर नर्सचं. अंधार पाहिजे म्हणून आम्ही तिघं तिच्या न्हाणीघरात शिरलो आणि दार लावलं. बॅटरीवर नळी, नळीवर अंडं. मावशी विचारायची, मी सांगायचं. आत पिवळसर, मोकळं दिसतंय का? मग ताजं, ठेव. आणि लाल शिरा दिसतात का, कोळ्यासारख्या, मध्ये काळा ठिपका? मला चौथ्या अंड्यात त्या दिसल्या. बारीक, फांद्या फुटलेल्या, खऱ्याच कोळ्याच्या पायांसारख्या. आणि तो ठिपका हलला. मी दचकलो आणि अंडं हातातून सुटलं.

न्हाणीघराच्या फरशीवर जे पडलं ते मी इथे लिहीत नाही. नर्सने निमूट पाणी ओतलं. ती रोज याहून वाईट पाहत असणार, तरी तिने माझ्याकडे पाहिलं ते काही बरं वाटलं नाही. मावशीने विचारलं, "त्यात होतं का?" मी हो म्हणालो. "दोन गेली मग," ती म्हणाली, आणि पुढचं अंडं मागितलं.

न्हाव्याच्या दुकानात अंधार नव्हता. त्याने एका गिऱ्हाइकाला साबण लावून तसंच ठेवलं, त्याच्या अंगावरचं कापड काढून माझ्या डोक्यावर टाकलं, आणि मी त्याखाली बसून अंडी तपासली. बाहेर गिऱ्हाईक विचारत होतं की आत काय चाललंय. न्हावी म्हणाला, पिल्लं काढतोय. त्या कापडाखाली केस होते, घाम होता, आणि अंधार होता म्हणून निदान माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. तिथली चार निघाली. तिसऱ्या घरी, शिंपिणीकडे, तीन. नर्सकडे एक फुटल्यानंतर दोन मिळाली होती. नऊ झाली.

चौथं घर बाईंचं. ते मावशीने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी सातवीत असताना आम्ही याच गावात, पलीकडच्या टोकाला राहायचो, आणि मावशी शाळेत शिक्षकांना अंडी द्यायला यायची. एकदा मधल्या सुट्टीत तिने व्हरांड्यात मला घरच्या लाडक्या नावाने हाक मारली. पोरांनी विचारलं, कोण रे ही? मी म्हणालो, कोण जाणे, अंडेवाली आहे. ते तिने ऐकलं. बाई तिथेच टोपलीतून अंडी मोजून घेत होत्या, त्यांनीही ऐकलं. मावशीने अंडी दिली, पैसे घेतले आणि गेली. त्यानंतर ती शाळेच्या मागच्या फाटकाने यायला लागली. त्यावर घरात एक शब्द निघाला नाही. मी दर सुट्टीत जात राहिलो, शिळी अंडी खात राहिलो.

बाईंच्या टेबलावर ते भांडं तसंच होतं, वर ताटली झाकलेली. बाजूला साच्याला कागद लावून ठेवलेला. नात येणार होती संध्याकाळच्या गाडीने. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाची असती ना, तर आधी वाटीत फोडून बघितली असती. तुझ्या अंड्यांना मी कधी वाटी घेतली नाही."

पंधरा वर्षांच्या धंद्यात मावशीने कमावलं होतं ते हे, एक न घेतलेली वाटी. ती मला तोवर दिसलीच नव्हती. मोतीबिंदू कुणाला होता, हा प्रश्नच आहे.

मावशी म्हणाली, "चूक माझी, बाई. डोळा अजून नीट उघडलेला नाही. हाताला लागली तशी भरली."

बाईंनी तिच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्या वेळी टोपलीची वीण इतक्या बारकाईने पाहिली, की आजही सांगेन, कडेला एक पट्टी उलटी विणलेली आहे. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दसपट वेळ मला मिळाला. मी ते उघडलं नाही.

बाईंच्या उरलेल्या अंड्यांतून दोन निघाली. अकरा. मावशीने वाया गेलेली सहा अंडी भरून देईन म्हणून सांगितलं. बाई नको म्हणाल्या. ती म्हणाली, देणार.

परत येताना मी विचारलं, की माझं नाव का नाही घेतलंस.

"अंडी माझी होती," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "तुझं नाव तू घ्यायचं असतं, शहाण्या. मी किती दिवस घेऊ?"

करडी कोंबडी रिकाम्या गवतावर दिवसभर बसून होती. अकरा अंडी खाली सारली तर तिने मला या वेळी चोच मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. बारा दिवसांनी चार पिल्लं निघाली. सात अंडी मी मागे खड्डा करून पुरली. त्यातली चार पाण्याने गेली असतील, तीन गारठ्याने, असं मावशी म्हणाली. सगळी माझ्यानेच गेली, हे सांगणं तिने माझ्यावर सोडलं होतं. तेही मी म्हणालो नाही.

बाईंची मंगळवारची नेहमीची अंडी सहा. मावशीने पाच मंगळवार स्वतः जाऊन सात दिली. सहाव्या मंगळवारी तिने टोपली माझ्या हातात ठेवली. सातव्या अंड्यावर तारीख घालून ते वेगळं कागदात गुंडाळलेलं होतं. "हे शेवटचं," ती म्हणाली. "हे तू द्यायचं. आणि देताना काय ते बोलायचं."

मी गेलो. बाईंनी सहा मोजून घेतली आणि एक लगेच न्याहारीला घेतलं. मी दारात उभा होतो. मला स्वयंपाकघरातून टक असा आवाज आला, आणि त्याच्यापाठोपाठ वाटीची किणकिण. आधी वाटीत. मग तव्यावर. माझ्या जिभेवर आलेलं सगळं वाक्य परत पोटात गेलं. सातवं अंडं खिशात घेऊन मी घरी आलो.

मावशीने खिशाकडे पाहिलं. डोळा आता चांगलाच उघडला होता. तिने अंडं काढून घेतलं, तारीख वाचली, मला तळून वाढलं. पुढच्या मंगळवारी टोपलीत पुन्हा सातवं होतं, नव्या तारखेचं. त्याच्या पुढच्याही.

सुट्टी संपून आता मला इथेच काकांच्या दुकानाशेजारी नोकरी लागली आहे, म्हणजे पळायची सोयही राहिली नाही. आज अकरावा मंगळवार. आज बाईंनी विचारलं, मावशीचा डोळा कसा आहे. मी म्हणालो, आता सगळं दिसतं तिला.

"हो," बाई म्हणाल्या, "मलाही दिसतं." आणि त्या दार न लावता उभ्या राहिल्या, माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत.

मी म्हणालो, "येतो, बाई."

अंडं अजून खिशातच आहे. मावशीने सकाळी कोंबडीखालून काढून तसंच दिलं होतं, ते पार गल्लीच्या टोकापर्यंत गरम लागत होतं. आता घरी जाऊन ते मला खावं लागेल.