करवतीची सुई

"धर्मा, त्या खिळ्याला किती घासशील? मऊ लोखंड हाय ता. चुंबकाजवळ हाय तवर ओढतं, लांब नेला की इसरतं."

अंबाजी लोहार धर्मा तांडेलाला समजावत होता. धर्माच्या होकायंत्राची सुई गंजून मोडली होती, आणि दुपारच्या भरतीला दिघीहून सुपारी घेऊन त्याचं गलबत मुंबईला निघायचं होतं. समुद्रावर दोन दिवसांपासून धुकं होतं.

"मंग पितळंची कर बाबा, गंजायची न्हाय."

"पितळ जल्मात चुंबक धरायचं न्हाय."

अंबाजीने मोडक्या करवतीचं पोलाद कापलं आणि चुंबकावरून एकाच दिशेने साठ वेळा ओढलं. दोऱ्याला टांगताच सुई उत्तरेकडे वळली. पण टोक त्याला जाड वाटलं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने सुई भट्टीत घातली आणि ठोकली. निवल्यावर ती कुठंही तोंड करून राहिली.

"आता हिला काय झाला?"

"इस्तवानं ओढ खाल्ली. चूक माजी."

अंबाजीने सुई पुन्हा लाल केली, पाण्यात बुडवून कडक केली आणि पहिल्यापासून साठ मोजले. सुई वळली.

"चुलीपासून लांब ठेव हिला," म्हणत त्याने सुई धर्माच्या हातात दिली आणि सकाळपासून अर्धवट घडवून ठेवलेला कोयता भट्टीत सारला.