समुद्राकडे पाठ केलेला बंगला

आमच्या भागात नारळ हातात धरून बोललेला शब्द मागे घेता येत नाही. सोयरीक नारळावर ठरते, बांधाचं भांडण नारळावर मिटतं, आणि त्यानंतर जो फिरेल त्याच्या दारात कुणी पाणीही पीत नाही. मुंबईच्या शेटला हे ठाऊक नव्हतं. आमच्या आबांना याखेरीज फारसं काही ठाऊक नव्हतं.

पन्नास सालानंतरचा तो काळ. पिंपरी-चिंचवडकडे भूमिपूजनं लग्नसराईसारखी चालली होती. आमच्या ज्वारीच्या रानात शेटचा कारखाना येणार होता, म्हणून तिथंही मांडव पडला. शेट मोटारीतून उतरला, ढेकळांतून जपून चालत आला आणि हातात नारळ घेऊन बोलला, "तुम्ही तुमची जमीन मला दिलीत. आता मुंबईचं माझं घरही तुमचंच समजा. कधीही या, सहकुटुंब या." टाळ्या पडल्या. मग त्यानं नारळ फोडला. तो नासका निघाला, पण भटजींनी चटकन उपरणं टाकलं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. त्या दिवसापासून ते शेटच्या बंगल्याला 'आपला बंगला' म्हणू लागले. चावडीपुढं बसलेली मंडळी विचारायची, "काय आबा, मुंबईच्या घराला औंदा चुना मारायचा का न्हाई?" आबा गंभीरपणे सांगायचे, "बघू, पावसाळ्याच्या आधी." आपली टिंगल होते आहे हे न कळणं ही एक देणगी आहे. आबांना ती भरपूर लाभली होती.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या मे महिन्यात आबांनी मुंबईला जायचं ठरवलं. सहकुटुंब, म्हणजे तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका, आम्ही मुलंबाळं आणि आत्या. लहानथोर धरून सतरा माणसं.

आत्या आबांच्या पाठची बहीण. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. तो वर्षातून दोनदा यायचा आणि दर वेळी तिला समुद्राचं वर्णन ऐकवून जायचा. पुढच्या खेपेला नेतो म्हणायचा. एका पावसाळ्यात तो तापानं तिकडेच गेला. खोलीतल्या गड्यांनीच त्याला अग्नी दिला, रक्षा समुद्रात सोडली आणि महिन्याभरानं त्याची पिशवी घेऊन एक जण आमच्या घरी आला. आत्या माहेरीच राहिली आणि घरातलं सगळं रांधू लागली. ती कधी काही मागायची नाही. मुंबईला जायचं ठरलं तेव्हा मात्र म्हणाली, "दादा, मला समुद्रापशी न्यायचं. एक नारळ सोडायचाय." आबा म्हणाले, "अगं, बंगलाच समुद्रावर हाय. उठता-बसता समुद्र." आत्यानं बाजारातून शेंडीचा नारळ आणला, हळदकुंकू लावलं आणि आपल्या बोचक्यात लुगड्याच्या मध्ये बांधून ठेवला.

आम्ही दादरला उतरलो. पिठाची पोती, गोधड्या, तिखटाचे डबे आणि घागर डोक्याखांद्यावर घेऊन गल्ल्यांतून चालत निघालो. बंगला सापडला. तो खरंच समुद्रावर होता, पण समुद्राकडे पाठ करून. पुढं रस्ता आणि फाटक, मागं उंच भिंत. त्या भिंतीपलीकडून एकसारखा आवाज येत होता. आत्या डोक्यावरच्या बोचक्यासकट थांबली आणि मला म्हणाली, "ह्योच का गं त्यो?"

फाटकावर दिवाणजी आले. शेटचे दिवाणजी शेटपेक्षा जास्त शेट होते. त्यांनी आमची पोती आधी पाहिली, माणसं नंतर.

"कोण पाहिजे?"

"पाव्हणं आलोत," आबा म्हणाले. "शेटनी बोलवलंय. चिंचवडचे आमी."

"कधी बोलावलं?"

"भूमिपूजनाला. नारळ हातात व्हता त्यांच्या."

दिवाणजींना नारळाचा संबंध कळला नाही. ते म्हणाले, "अहो, असं शेट दर भूमिपूजनाला म्हणतात. सगळे आले तर शेटनी कुठं राहायचं?" आणि फाटक लावलं. आबा फाटकाच्या गजांना म्हणाले, "शेटला निरोप तरी द्या." गजांनी काही निरोप दिला नाही.

मग आम्ही माझ्या आईच्या मावसभावाकडे परळला गेलो. दोन खोल्या, आणि त्यांतली एक त्यानं भाड्यानं दिलेली. त्यानं आम्हाला दारातच तांब्याभर पाणी दिलं. भांडं एकही दिलं नाही, म्हणजे चहाची आशा नको. "राहा म्हणलं असतं, ताई," तो आईला म्हणाला, "पण आमचेच दोघं जिन्यात झोपतात. आणि जिन्यातबी आता जागा न्हाई." त्याच्या बायकोनं आतून विचारलं, "गेले का?" हे तिनं इतक्या सहज विचारलं की रागसुद्धा आला नाही.

तिथून धर्मशाळेत. चौकात झाड, पाण्याचा नळ, ओळीनं खोल्या. मला तर तो स्वर्गच वाटला. टेबलामागच्या व्यवस्थापकानं मान वर न करता विचारलं, "यात्रेकरू ना?"

एवढंच विचारायचं होतं त्याला. धर्मशाळा यात्रेकरूंसाठी होती. मुंबादेवीला आलो म्हटलं असतं तर दोन खोल्या मिळाल्या असत्या. पण आबांनी फेटा सावरला.

"यात्रेकरू न्हाई. आमी शेटचे पाव्हणे हाय."

"मग शेटकडं जा की."

आत्या मागून हळूच म्हणाली, "दादा, यात्रेला आलोय म्हना की. मी तर यात्रेलाच आलेय."

"तू गप. भिकाऱ्यावानी धर्मशाळेत ऱ्हायचं? गावात तोंड कसं दाखवू?"

व्यवस्थापकानं पुढच्या माणसाला बोलावलं. आबांच्या अंगचा मोठेपणा त्या दिवशी सतरा माणसांना पुरून उरला.

उन्हं कलली तेव्हा आम्ही पुन्हा बंगल्याच्या फाटकाशी होतो, कारण दुसरं कुठलंच ठिकाण आबांना माहीत नव्हतं. या खेपेला आत गडबड होती. शेटच्या मुलीचा साखरपुडा चार दिवसांवर आला होता आणि आचारी गावी गेला होता तो आलाच नव्हता. दिवाणजी घाम पुसत एका गड्यावर ओरडत होते. आबांनी ते ऐकलं. शेतात पाणी कुठं मुरतंय हे कळायचं नाही त्यांना, पण हे बरोबर कळलं.

"दिवाणजी, आमची ही बहीण. गावजेवणाचं पुरण एकटी करती. शंभर पानं उठली तरी पोळी फुटत न्हाई हिची."

दिवाणजींनी आत्याकडे पाहिलं. आधी हातांकडे, मग पांढऱ्या कपाळाकडे. "शुभकार्य आहे," ते म्हणाले. जरा विचार करून पुढं म्हणाले, "मागच्या स्वयंपाकघरात राहील. पुढं यायचं नाही."

"न्हाई येनार," आबा म्हणाले. आत्याला कुणी विचारलं नव्हतं.

अशी आमची मुंबईतली सोय झाली. आम्हाला मोटारखाना मिळाला. जमिनीवर तेलाचे डाग, भिंतीला टांगलेली चाकं. मोटार बाहेर असली की आम्ही आत, मोटार आली की आम्ही बाहेर. ड्रायव्हरचा भोंगा वाजला की गोधड्या गोळा करून पोरं काखेत मारायची. आबा म्हणायचे, "बघा, शेटच्या मोटारीच्या जाग्यावर आपुन ऱ्हातोय. अशी जागा कुणाला मिळती?" खरं होतं. मोटारीलाही ती सलग मिळत नव्हती.

सकाळ-संध्याकाळ सगळे समुद्रावर जायचे. गल्लीच्या टोकाला वळलं की वाळू. काकूंनी पाण्यात पाय बुडवले, माझ्या वडिलांनी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं, पोरांनी शिंपले आणले. आत्या मात्र डाळ शिजवायची, पुरण वाटायची, भांडी घासायची, आणि तिची पाठ त्या मागच्या भिंतीला लागलेली असायची. भिंतीला एक लहान दार होतं, शेटच्या घरच्यांना वाळूवर उतरायला. त्याला कुलूप होतं.

मी एकदा तिला म्हटलं, "आत्या, चल, मी नेते. घटकाभरात येऊ."

"डाळ चुलीवर हाय."

"उतरवून ठेव."

ती उठलीसुद्धा. हात धुतले, पदर नीट केला. तेवढ्यात आबा दारात. "कुटं? दिवाणजींनी हाक मारली अन् तू न्हाईस, तर आजच्या आज बाहेर काढतील सगळ्यांना. तुझ्या एकटीच्या समुद्रापायी सोळा माणसं रस्त्यावर आणतीस का?"

आत्या बसली. मी दिवाणजींकडे गेले आणि मागच्या दाराची किल्ली मागितली. फक्त पाच पावलं, म्हटलं, बाई विधवा आहे, नवऱ्याच्या नावानं नारळ सोडायचा आहे. मी शुद्ध भाषेत बोलले, त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला. त्यांनीही शुद्ध भाषेत उत्तर दिलं. "कामाच्या बायकांनी ते दार वापरायचं नाही, असा नियम आहे. आणि साखरपुड्याच्या घरातून असला नारळ? अजिबात नाही."

साखरपुड्याच्या सकाळी शेटची नवी मोटार आली. पूजा मोटारखान्यासमोरच मांडली. भटजींना शेंडीचा नारळ हवा होता आणि घरात आणलेले सगळे सोललेले. दिवाणजी धावत आमच्याकडे आले. "तुम्ही गावची माणसं. नारळ असेल की!"

आबांनी क्षणभरही वेळ लावला नाही. आत्या स्वयंपाकघरात होती. त्यांनी तिचं बोचकं सोडलं, लुगडं बाजूला केलं आणि नारळ काढला. मी म्हटलं, "आबा, तो आत्याचा आहे."

"समुद्रात लई नारळ पडत्यात. शेटच्या मोटारीला एकच लागतोय."

हळदकुंकू आधीच लावलेलं होतं. भटजी म्हणाले, "वा, तयारीनिशी!" शेटनी नारळ मोटारीपुढं आपटला. तो आतून पांढराशुभ्र निघाला. शेटनी विचारलं, "कुणाचा नारळ?" दिवाणजी म्हणाले, "आपलाच." आबा दोन हात जोडून उभे होते. शेटची नजर त्यांच्यावरून फिरली आणि मोटारीच्या दिव्यांवर स्थिरावली.

दुपारी गड्यानं प्रसाद म्हणून करवंटीसकट खोबऱ्याचा एक तुकडा आत्याच्या हातावर ठेवला. तिनं त्याच्या पाठीवरचं कुंकू पाहिलं आणि ओळखलं. "माझा उपास हाय," म्हणाली आणि तुकडा माझ्या धाकट्या भावाला दिला. उपास कसला, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आचारी आला आणि दिवाणजींना मोटारखाना लागला. आम्ही सामान उचललं. गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. "आबा, इथून वळलं की समुद्र. आत्याला दाखवून येते."

"गाडी चुकंल. समुद्र काय पळून जातोय का?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "त्यो कशाला पळतोय? चला." तिनं घागर डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या पुढं चालू लागली.

आत्या पुढं समुद्र न बघताच वारली, हे इथंच सांगून टाकते. उगाच कुणी आशा धरून बसू नये.

गावात आबांनी बंगल्याचं वर्णन असं केलं की मीही ऐकत राहिले. त्यात मोटारखाना नव्हता. एकदा चारचौघांत त्यांनी आत्याला हाक मारली, "सांग गं यांना, बंगल्यातनं समुद्र कसा दिसतो!"

"दिसत न्हाई," आत्या म्हणाली. "भिंतीपल्याड बांधल्यावानी धापा टाकतो."

लोक हसले. आबाही हसले. म्हणाले, "खुळी हाय." पुढं गावातल्या बायका तिला 'मुंबई बघून आलेली' म्हणून चिडवायच्या, आणि कुणाच्या घरी कार्य निघालं की पुरणाला तिलाच बोलवायच्या.

कारखाना उभा राहिला तेव्हा उद्घाटनाला शेट पुन्हा आला. मांडवामागं आत्या पुरण वाटत होती. आबांनीच ते काम तिच्यासाठी मिळवलं होतं. मी तिच्याशेजारी बसून वेलदोडे सोलत होते. शेटनी आबांना ओळखलं नाही, पण हार घालून घेतला. मग शेजारच्या गावच्या मंडळींकडे वळला, कारण आता त्यांची जमीन हवी होती. नारळ हातात घेऊन म्हणाला, "मुंबईचं माझं घर तुमचंच समजा. कधीही या, सहकुटुंब या."

टाळ्यांत आबांची टाळी वेगळी ऐकू येत होती. आत्यानं वरवंटा थांबवून ऐकलं.

"त्यांच्यात कुनाची बहीन हाय का गं विधवा?" तिनं मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा वाटायला घेतलं.